बागेत आधुनिक शिल्पं उभारतात, ती सामान्य माणसाला कळतात का? की पैशांची नासाडी?

‘सामान्य माणूस’ म्हटलं की मला आमचे दाजीच दिसतात, म्हणून लिहायला बसलो.

दाजी लग्नासाठी मुंबईत आले होते. चर्चगेटला उतरलो आणि त्यांना क्रॉस मैदानाच्या बागेत नेलं. तिथे वास्तुरचनाकार नुरू करीम यांचा २०११ सालचा पोलादी चरखा आहे, तीसेक फूट उंच. घरातल्या चरख्यासारखा अजिबात नाही. दाजी हात पाठीमागे बांधून भोवती फिरले आणि म्हणाले, “बरं, पण ह्याला हार कुठं घालायचा?”

हसू नका, प्रश्न अस्सल आहे. आपल्याकडे पुतळा म्हणजे जयंतीला शिडी लावायची जागा.

मग गवतात बसून शेंगदाणे खाताना त्यांनी विचारलं, आधी इथं काय होतं? म्हटलं, कचरा आणि अतिक्रमण. आसपासच्या नागरिकांनी खटपट करून हा तुकडा सोडवला. “मग गवत कोण कापतं?” ‘अर्थ काय’पेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

तिथून चालत काळा घोडा, म्हणजे घोड्याच्या पुतळ्यावरून नाव पडलेला नाका. १८७९ सालच्या मूळ पुतळ्यात घोड्यावर इंग्लंडचा युवराज होता, पुढे झालेला सातवा एडवर्ड. १९६५ मध्ये त्याची रवानगी राणीच्या बागेत झाली. २०१७ मध्ये त्या नाक्यावर श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा आला, बिनस्वाराचा. दाजी म्हणाले, “बसवायला माणूस मिळाला न्हाई होय?” म्हटलं, कुणालाही बसवला असता तरी निम्म्या शहराने भांडण काढलं असतं. रिकामी पाठ सगळ्यांची. ह्यावर दाजी गप्प बसले, कारण दोघांच्याही डोक्यात गावची बाग होती.

आमच्या गावात चुन्याच्या घाणीचं, म्हणजे बैल जुंपून चुना मळायच्या गोल चरातलं, दगडी चाक आहे. ज्या घाणीच्या चुन्यात शाळेची भिंत उभी राहिली, तिचं. ग्रामपंचायतीने बाग केली तेव्हा मी म्हटलं, घाणी गोल मांडा, चाक ठेवा, पोरं ढकलतील, म्हातारे काठावर बसतील. दाजी समितीत. त्यांनी सिमेंटचा जिराफ आणला. साताऱ्याकडे जिराफ! चाक आजही गटारावर पाय द्यायला आडवं पडलंय, मधल्या भोकात प्लास्टिकच्या पिशव्या.

तेव्हा तुमच्याकडे बाग होत असेल तर समितीत आधीच घुसा, आणि गावात काय पडून आहे ते बघितल्याशिवाय कॅटलॉग उघडू देऊ नका.

आता हेही खरं की वाकडंतिकडं लोखंड उभं केलं म्हणजे कला होत नाही. मे महिन्यात पोलादाला हात लावून बघा, चटका बसतो. देखभालीचे पैसे बाजूला काढले नसतील तर साधं बाकडंच बरं.

परवा दाजींचा फोन आला होता. आतली सळई गंजून जिराफाची मान निखळलीय. सिमेंट कुठलं वापरू, विचारत होते.