प्रश्न तुमचे, शिट्टी माझी

जून उजाडला की कॉलेजांच्या प्रवेश अर्जांबरोबर या सदरालाही पत्रं येऊ लागतात. यंदाची बहुतेक छोट्या कॉलेजांतली आहेत. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या तसल्याच एका कॉलेजात मी क्रीडा संचालक होतो, त्यामुळे निम्मी पत्रं मला आमच्याच जिमखान्यातून आल्यासारखी वाटली.

आमच्या कॉलेजात ४५० विद्यार्थी. मी अर्थशास्त्र शिकवतो, पण यंदा जिमखाना माझ्या गळ्यात आला आहे. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ११ खेळांत नावं दिली आणि पाच ठिकाणी संघच न गेल्यामुळे वॉकओव्हर द्यावा लागला. प्राचार्य म्हणतात, सगळीकडे नावं द्या, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, तपासणीवेळी कामाला येतं. काय करावं? (एक प्राध्यापक, सत्तरी तालुका)

सर, तुम्ही अर्थशास्त्राचे आहात हे बरंच झालं, कारण हा हिशेबाचाच प्रश्न आहे. कला-वाणिज्य कॉलेजात हल्ली मुलीच जास्त असतात. मुलगे २०० धरू. त्यांतले बरेच शेवटचा तास संपला की कामाला पळतात. कुणी फार्मसीत, कुणी हॉटेलात, कुणी बापाच्या पिकअपवर. मैदानावर खरोखर येणारे २५. आता फुटबॉलला १८ लागतात, क्रिकेटला १५, व्हॉलीबॉलला १२, कबड्डीला १२. बेरीज ५७ आणि माणसं २५. म्हणजे जो तुमचा स्ट्रायकर तोच ओपनिंगला जातो आणि तोच चढाई करतो. त्याचा एक गुडघा गेला की चार संघ एकदम बसतात.

त्यात आपलं वर्ष कसं जातं बघा. जून-जुलैत प्रवेश चालू असतात आणि मैदानात बेडूक. ऑगस्ट-सप्टेंबरात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते. चवथीच्या आदल्या आठवड्यात सराव ठेवणाऱ्या संचालकाला मी एकदा तरी भेटू इच्छितो. मुलगे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या चौकटीचं, सामान शोधायला रानात गेलेले असतात आणि हा शिट्टी घेऊन एकटाच उभा. पाऊस ओसरतो तोवर ऑक्टोबरचा उकाडा आणि सेमिस्टरच्या परीक्षा. दिवाळीनंतर मैदान कोरडं होतं, हवा बरी असते, खेळायचा खरा मोसम तो. पण तोवर बऱ्याच खेळांचे विद्यापीठ संघ निवडून झालेले असतात, कारण पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा डोक्यावर आलेल्या असतात. जानेवारीपासून जत्रा, वार्षिक संमेलन, कार्निव्हल, शिगमो. मार्चमध्ये मैदानावर फक्त गुरं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चार खेळ धरा, बाकीचे सोडा. मुलग्यांचा फुटबॉल सोडता येणार नाही, सोडलात तर गावच तुम्हाला सोडणार नाही. मुलींसाठी कबड्डी किंवा खो-खो, दोन्ही नकोत. खो-खोला नऊजणी मैदानात लागतात, कबड्डीला सातच, हे निवडताना ध्यानात ठेवा. तिसरा टेबल टेनिस. तो सभागृहाच्या व्यासपीठावरही खेळता येतो, आणि पावसाळ्यात तेवढाच एक खेळ तुमच्या हातात असतो. चौथा व्हॉलीबॉल, दोघांसाठी. आपल्याकडे वाड्यावाड्यावर संध्याकाळी नेट लागतं, त्यामुळे अर्धं शिक्षण मुलं घरून घेऊन येतात. धावण्यात, उडीत एखादा चमकणारा असला तर त्याला एकट्याला ॲथलेटिक्सला पाठवा, त्याला संघ लागत नाही.

व्हॉलीबॉलचं नाव निघालंच आहे तर आजच एक काम करा. मोजपट्टी घेऊन नेटपाशी जा. मुलग्यांसाठी उंची २.४३ मीटर, मुलींसाठी २.२४, आणि ती मोजायची नेटच्या मधोमध. दोन्ही टोकं एकमेकांइतकीच उंच हवीत आणि मधल्या उंचीपेक्षा दोन सेंटिमीटरहून जास्त वर नकोत. छोट्या कॉलेजांत खांब गंजलेले, वरची तार सैल, त्यामुळे नेट पोटात लोंबतं. मुलं वर्षभर त्या लोंबत्या जागेवरून स्मॅश मारतात आणि स्पर्धेत ताणलेल्या नेटसमोर उभी राहिली की प्रत्येक चेंडू पट्टीवर आदळतो. मग आपण म्हणतो, मुलांनी दडपण घेतलं. कसलं दडपण? नवी तार आणि ती ताणायचा एक स्क्रू, टर्नबकल, बसवला की काम झालं. ही खरेदी जिमखान्याच्या बजेटमध्ये करंडकांच्या आधी लिहा.

वॉकओव्हरबद्दल थोडं कडक बोलतो. समोरचा संघ बस ठरवून आलेला असतो, मुलींनी गुडघ्याला पट्ट्या बांधलेल्या असतात, यजमान कॉलेजच्या शिपायाने भल्या सकाळी फक्कीने रेषा आखलेल्या असतात. तुमचा संघ येत नाही. नॅकच्या तक्त्यात 'सहभाग' असा रकाना असेल, पण न गेलेल्या सामन्याला सहभाग म्हणत नाहीत, एवढं प्राचार्यांना तुम्ही सांगू शकता. चवथीच्या सुट्टीआधी खेळाडूंकडून नावं सहीनिशी घ्या. ज्या खेळात राखीव धरून माणसं पुरी होत नाहीत, तिथे नावच देऊ नका.

माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कबड्डी खेळते. सराव सहापर्यंत चालतो, मग गावाकडची बस चुकते. हजेरी कमी पडल्याचं पत्रही गेल्या वर्षी आलं होतं. हल्ली लवकर दमते. यंदा खेळ बंद करायला सांगू का? (एक आई, डिचोली)

नको, ताई. तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींवर खेळ बंद न करता उपाय आहे.

बसचं आधी. सराव बसच्या वेळेवरून ठरवायचा असतो, बस सरावावरून नव्हे. तुमच्या वाटेवरच्या आणखी दोन-तीन मुली संघात असतीलच. त्यांच्या घरच्यांना घेऊन सरांना भेटा आणि सांगा, कदंबाची, म्हणजे सरकारी, अमुक वाजताची बस मिळाली पाहिजे. शेवटचा तास संपल्याबरोबर सुरू केलेला तासाभराचा नेटका सराव पुरतो. सहापर्यंत चालणाऱ्या सरावात निम्मा वेळ कुणाची तरी वाट बघण्यात जातो, हे मी काठावर उभं राहून पुष्कळ पाहिलं आहे.

हजेरीचं असं की ७५ टक्क्यांचा नियम खेळाडूलाही आहे. सामन्याला गेलेल्या दिवसांची सवलत मागता येते, पण ते पत्र सामन्याच्या आधी वर्गशिक्षकांच्या हातात पडावं लागतं. मार्चमध्ये ऑफिसच्या खिडकीशी रडून काही होत नाही. एका वहीत तारीख, सामना, बुडालेले तास आणि सरांची सही, एवढं मुलीला स्वतः ठेवायला सांगा.

दमण्याकडे मात्र खरं लक्ष द्या. सकाळी चहा-पाव खाऊन निघालेली मुलगी दुपारी कँटीनच्या एका समोशावर चढाई करते, तिचे पाय कुठून उचलणार? आपल्या जुन्या माणसांची दहाची पेज उगाच नव्हती. डब्यात उसळ-भात द्या, अंडं चालत असेल तर अंडं, आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत तो सापडला. कमी निघालं तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्या जेवणानंतर लगेच चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी.

राहता राहिला शेजारी काय म्हणतील हा प्रश्न, जो तुम्ही लिहिला नाहीत पण ओळींमधून दिसतो. त्याला माझ्याकडे औषध नाही. शेवटच्या वर्षाची मुलगी बहुधा कप्तान होते. एकदा सामन्याला जाऊन बसा.

चिखलात फुटबॉल खेळताना घोटा मुरगळला. आजी म्हणते, तेल लावून चोळून घे. पंधरवड्याने सामना आहे. (विद्यार्थी, पेडणे)

आजीला नमस्कार सांग, पण पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, सूज वाढते. फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. क्रेप बँडेज, पाय उशीवर. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर जीव जात असेल, तर एक्स-रे काढ. चालणं जमू लागलं की दात घासताना त्या एका पायावर उभा राहत जा. हसू नकोस. मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो तोल गेल्यामुळे, आणि तोल असाच परत येतो. पंधरवड्याने त्या पायावर उड्या मारता आल्या नाहीत तर बाकावर बसायचं.

दुसरी गोष्ट तू विचारली नाहीस, पण चिखल म्हणालास म्हणून लिहितो. पायावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात खेळू नकोस. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. खेळल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरला 'मी चिखलात खेळलो होतो' हे वाक्य आधी सांग. ते कळलं नाही तर साधा ताप समजून दिवस वाया जातात.

गोव्याचा खेळ फुटबॉल. कॉलेजांनी क्रिकेटवर पैसे का घालवावेत? (वाचक, म्हापसा)

छोट्या कॉलेजाने घालवू नयेत, हे वर लिहिलंच आहे. सामान महाग, खेळपट्टी नाही, अख्खा दिवस जातो. पण दिलीप सरदेसाईंचं उदाहरण विसरू नका. जन्म मडगावचा, १९४० चा. त्या काळी गोव्यात धड खेळपट्टी नव्हती. कुटुंब मुंबईला गेलं आणि १९५९-६० साली रोहिंटन बारिया या आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यांनी ४३५ धावा केल्या, तिथून पुढचे दरवाजे उघडले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या ६४२ धावा सगळ्यांना पाठ असतात, ही कॉलेजची पायरी कुणाला आठवत नाही. तेव्हा एखादा मुलगा खरोखर चांगला असेल तर संघ नसला तरी त्याला विद्यापीठाच्या निवड चाचणीला पाठवता येईल का, हे विचारून बघा. एका मुलाचं बसभाडं अकराजणांच्या पॅडपेक्षा स्वस्त पडतं.

मी २६ वर्षांचा, एम.ए. करतोय. विद्यापीठ संघात खेळू शकतो का? (काणकोण)

नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी १ जुलैला वय २५ च्या आत लागतं. कॉलेजच्या पोरांना गोलकीपिंग शिकवायला कुणी मिळत नाही, तिथे जा.