ब्रुनोला रेस्क्यू डॉग बनवता येईल का?

प्रश्न: आमचा ब्रुनो दहा महिन्यांचा लॅब (लॅब्राडोर) आहे. 2023 मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) ज्युली ह्या कुत्रीने ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधली, ते वाचल्यापासून वाटतंय ह्यालाही शिकवावं. माझा शर्ट हुंगायला देऊन सुरुवात करू का?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर: दादा, शर्ट कपाटात ठेवून द्या आधी! ते चोर पकडायचं काम, ट्रॅकिंग. ढिगाऱ्याखाली कोण आहे हेच माहीत नसतं तर शर्ट कोणाचा देणार? म्हणून ही कुत्री हवेतून येणारा कुठल्याही जिवंत माणसाचा वास शोधतात, आणि तुर्कस्तानातल्या नुरदागीत ज्युली तेच करत होती, वास लागला तशी भुंकली, मग दुसऱ्या कुत्र्याला, रोमिओला नेलं, तोही तिथेच भुंकला, तेव्हा खात्री पटली. एका कुत्र्याच्या भरवशावर स्लॅब फोडत बसत नाहीत.

आता ट्रेनिंग म्हणाल तर चक्क लपाछपी. ब्रुनोचा जीव की प्राण असलेला बॉल घरातल्या कोणीतरी त्याच्या डोळ्यांदेखत पळवायचा आणि दाराआड लपायचं, तुम्ही त्याला धरून ठेवा, मग सोडा. तो पोचला की लगेच बॉल देऊन टाकायचा नाही हं, भुंकेपर्यंत थांबायचं, भुंकला की बॉल आणि मनसोक्त रस्सीखेच. हे जमलं की त्याला न दाखवता लपा, मग कपाटात, फळीखाली, म्हणजे माणूस दिसत नाही पण वास येतोय असं. त्याच्या दृष्टीने तो कोणाचा जीव वाचवत नसतो, त्याला फक्त बॉल हवा असतो :) म्हणून ज्याला खेळाचं वेड नाही असं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी ह्या कामाला नको.

लोक चुकतात कुठे, तर रोज आईच लपते. मग तो माणूस नाही, आई शोधायला शिकतो. सोसायटीतली पोरं, वॉचमनकाका, सगळ्यांना लपवा. आणि वाऱ्याकडे लक्ष ठेवा, वास फटीतून भलतीकडेच बाहेर पडतो, त्यामुळे कुत्रं भुंकतं तिथेच बरोबर खाली माणूस असेल असं नाही, ते ओळखणं हँडलरचं, म्हणजे कुत्र्याला घेऊन काम करणाऱ्या माणसाचं काम, खरं ट्रेनिंग त्याचंच असतं. ढिगाऱ्यावर सोडताना पट्टाही काढतात, सळईत अडकू नये म्हणून. तुम्ही मात्र तो वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत उंचावरून उड्या मारायला लावू नका, लॅबचे सांधे आधीच नाजूक.

एनडीआरएफमध्ये घरचं कुत्रं असं नेऊन भरती होत नाही, त्यांची कुत्री आणि हँडलर त्यांचेच. पण मोकळ्या मैदानात हा खेळ जरूर खेळा. फक्त लपणाऱ्याचा मोबाइल सायलेंटवर हवा, आमचे शेजारी टाकीमागे लपले होते आणि बायकोचा फोन आला, आमच्या कुत्रीने नाक वापरलंच नाही, सरळ रिंगटोनवर धावली.