गावातल्या पर्यटन व्यावसायिकांनी एकत्र यायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की गावातले घरगुती निवासवाले, खानावळवाले, होडीवाले, रिक्षावाले मिळून गावाचं नाव, म्हणजे गावाचा "ब्रँड", करायचं म्हणताय, तर आधी वेबसाइट करावी, लोगो करावा की संस्था नोंदवावी. यातलं काहीच आधी करू नका. आधी खोलीचा किमान दर बांधा आणि ड्रायव्हरचं कमिशन बंद करा. एवढं जमलं तर बाकीचं जमेल. एवढंही जमत नसेल तर वेबसाइटचा खर्च वाया जाईल.

मी मालवण तालुक्यात, तारकर्लीच्या पट्ट्यात राहते. निवास-न्याहारीच्या खोल्या आहेत, स्वयंपाक मी आणि सासूबाई करतो. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला तेव्हा इथे मोजक्याच घरांत पाहुणे उतरायचे. पुढे स्कूबा आलं, वॉटर स्पोर्ट्स आले आणि ज्याच्या मागच्या परड्यात जागा होती त्याने खोल्या काढल्या. खोल्या वाढल्या तसे दर पडत गेले.

नाताळच्या आठवड्यात एक गाडी आमच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, थांबली. पाहुणे आत बसलेले, काचा वर. ड्रायव्हर एकटाच खळ्यात, म्हणजे अंगणात, आला आणि म्हणाला, "वहिनी, खोलीमागे पाचशे माझे. नसेल जमत तर पुढच्या घरी नेतो." मी नाही म्हटलं. त्याने गाडी मागे घेतली आणि दोन घरं सोडून माझ्या चुलत दिरांकडे नेऊन लावली. त्यांनी पाचशे दिले. आता ते पाचशे कुठून तरी निघणारच. ते ताटातून निघाले. सुरमईची तुकडी पातळ झाली, सोलकढीत नारळाच्या रसापेक्षा पाणी जास्त, तिसऱ्या (शिंपल्या) नाहीतच. दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांतल्या बाई किनाऱ्यावर भेटल्या आणि मला विचारलं, "तुमच्या गावात सगळीकडे जेवण असंच असतं का?"

"सगळीकडे" हा शब्द मला फार लागला. पाहुण्याला घराचं नाव आठवत नाही, तो घरी जाऊन गावाचं नाव सांगतो. एका घराने ताट हलकं केलं की बदनामी सगळ्यांची होते. तुमच्या प्रश्नात "ब्रँड" म्हणून जे आहे, ते आमच्याकडे त्या ताटात होतं.

त्यानंतर देवळाच्या मंडपात बैठक बसली. चुलत दिरांचं घर सगळ्यात मोठं, खोल्या एसीच्या. ते सरळ म्हणाले, "वयनी, माझ्या एसीचा बिल मंडळ भरतला काय? ज्याचा त्याका मिळतला, संघटना कित्याक व्हयी?" म्हणजे ज्याचं त्याला मिळेल, संघटना कशाला हवी? बैठकीत निम्म्या लोकांना ते पटलं. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. ज्याने कर्ज काढून खोल्या बांधल्या त्याने पत्र्याच्या खोलीवाल्याच्या दराला का बांधून घ्यावं?

त्यावर एक वयस्क रापणकर उठले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. त्यांनी रापणीचा हिशेब सांगितला. रापणीत जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा आणि दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा. ज्याचं जाळं त्याला जास्त मिळतं आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण मासा सगळ्यांसमोर किनाऱ्यावर वाटला जातो. वाटणीआधी कुणी टोपली भरून घरी नेत नाही.

त्यावरूनच आमचा नियम निघाला. साध्या खोलीचा एक किमान दर, त्याच्या खाली कुणीही जायचं नाही. एसी, समुद्राकडची बाजू, वेगळं न्हाणीघर याचे जे काय जास्त घ्यायचे ते ज्याचे त्याने घ्यावेत, पूर्ण त्याचेच. ड्रायव्हरला जेवण आणि झोपायला जागा मिळेल, पैसे नाहीत. आपलं घर भरलं की पुढचा पाहुणा पाळीने ज्याचा नंबर असेल त्याच्याकडे पाठवायचा. भरलेल्या खोलीमागे ठरावीक रक्कम सुका कचरा उचलण्यासाठी द्यायची. ज्याने फोनवर गुपचूप दर पाडला त्याचं नाव हंगामभर पाळीतून काढायचं. हा शेवटचा नियम नसता तर वरचे सगळे नियम कागदावरच राहिले असते.

पाळीबद्दल एक स्पष्ट सांगते, कारण लोक इथेच फसतात. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या नंबराने सुटतात, तिकीट सारखंच, आणि ते उत्तम चालतं, कारण कुठल्याही होडीत बसलं तरी माणूस किल्ल्यावरच पोचतो. घरांचं तसं नसतं. कुणाला रिव्ह्यू बघून खोली हवी असते, कुणाला ओळखीचं घर. तिथे सक्तीने नंबर लावलात तर चांगलं घर चालवणारा पहिला बाहेर पडेल. नंबर फक्त न ठरवता आलेल्या आणि उरलेल्या पाहुण्यांसाठी ठेवा.

चांगली उदाहरणं हवीत तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरांतच उतरू लागले. कासव कुणा एकाच्या मालकीचं नाही, म्हणून भांडणाला जागा कमी. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः वल्हं मारून कांदळवन दाखवतात. तिथे गेलात तर हिशेबाची वही कशी ठेवतात ते जरूर विचारा.

चुलत दीर अजून म्हणतात की मी त्यांना इतरांना पोसायला लावलं. भावोजी हे वाचणार नाहीत, पण त्यांच्यासारखं बोलणारा एक जण तुमच्या गावातही असेल, म्हणून लिहिते. आमची जमीन वाळूची, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. गोडं पाणी वाळूत वरच्या थरात तरंगतं. मे महिन्यात एकाने मोठा पंप लावून उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि शेजाऱ्याची विहीर मचूळ होते. ज्याच्या खोल्या जास्त त्याचा उपसा जास्त, त्याच्या शोषखड्ड्यात जाणारं सांडपाणीही जास्त. तेव्हा कोण कुणाला पोसतं हा हिशेब मांडायचाच तर विहिरीपासून मांडू. कचऱ्याच्या गाडीला ते सगळ्यात जास्त पैसे देतात हे खरं आहे, आणि तेच योग्य आहे.

आता थोडं सांभाळून. आमच्याकडे हे जमलं कारण बहुतेक घरं भाऊबंदांची आहेत आणि देवळात सगळ्यांना समोरासमोर बसावंच लागतं. तुमच्या गावात बाहेरच्यांनी जमिनी घेऊन रिसॉर्ट टाकले असतील तर त्यांना दर नाही बांधता येणार, पण कचरा आणि पाण्यात त्यांना धरा. ऑनलाइन बुकिंगच्या साइटवर असाल तर सवलतीचे पर्याय नीट बघा, नाहीतर तुम्ही न पाडता दर पडेल. संस्था नोंदवा, पण एक हंगाम पैशाचा व्यवहार एकत्र करून झाल्यावर. आणि अध्यक्षपद निवडणूक लढवणाऱ्याला देऊ नका, मग तो कितीही भला असो.

राहिली वेबसाइट. सध्या सगळ्या गावाचा मिळून एकच फोन नंबर पुरेसा आहे. तो सांभाळायला गावातली बारावी झालेली एखादी मुलगी पगारावर ठेवा. पगार वेळेवर द्या. आणि तिच्या घरी भाड्याच्या खोल्या नसाव्यात.