ऑपरेशन जर्मनीत की पुण्यात ते नंतर बघू, आधी जुनी मेडिक्लेम वाचवा

चिंचवडहून एका वाचकांचा मेल आलाय. वय 57, कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला, रिटायरमेंटला तीन वर्षं. कमरेत नस दबलीय, दहा मिनिटं उभं राहिलं की डावा पाय बधिर होतो. मुलगी स्टुटगार्टला असते, ती म्हणते बाबा इकडेच या. तिथल्या हॉस्पिटलने 24 हजार युरो सांगितलेत, पुण्यात साडेपाच लाख. त्यांचा प्रश्न एवढाच की एफडी मोडू की म्युच्युअल फंड काढू, आणि सगळ्या टेस्ट इथेच करून गेलो तर स्वस्त पडेल का.

आणि मग खाली एक ता. क. : "भाच्याच्या सांगण्यावरून 9 वर्षांची जुनी मेडिक्लेम यंदा रिन्यू केली नाही, 4 तारखेला संपली. त्याऐवजी ग्लोबल कव्हरवाली नवीन घेतली, पेपर 1 तारखेला आले."

अहो, खरा मेल तर हा आहे! आज 19 तारीख. वार्षिक प्रीमियमला ग्रेस, म्हणजे तारीख उलटल्यावरही पैसे भरायची सवलत, 30 दिवसांची असते, म्हणजे तुमच्या हातात साधारण दोन आठवडे उरलेत. हे उत्तर इथे यायची वाट न बघता मी तुम्हाला कालच मेल केलाय, तरी परत लिहितो. जुनीचे 38 हजार आजच्या आज भरा. 4 तारखेपासून पैसे भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत काही झालं तर क्लेम मिळणार नाही, पण नऊ वर्षांची सलगता टिकेल, आणि तीच तुमची खरी कमाई आहे. सलग पाच वर्षं झाली की फ्रॉड सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला "तुम्ही अमुक लपवलं" म्हणून क्लेम अडवता येत नाही. ती पाच वर्षं तुम्ही कधीच पार केलीत. वेटिंग पिरियडही, म्हणजे ज्या सुरुवातीच्या काळात ठराविक आजारांचा क्लेम मिळत नाही तेही, सगळे संपलेत.

नवीन पॉलिसीत हे सगळं पहिल्यापासून. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावता येतं, मणक्याच्या डिस्कला तर बहुतेक कंपन्या वेगळी दोन वर्षं लावतातच. ग्लोबल कव्हरलाही बहुतेक ठिकाणी स्वतःचं वेगळं वेटिंग असतं. म्हणजे ज्या ऑपरेशनसाठी 52 हजार भरले त्याला ती पॉलिसी एक रुपया देणार नाहीये.

तुम्ही जोडलेला प्रपोजल फॉर्म मी उघडून बघितला. पाठदुखी, नाही. डायबेटिस, नाही. फॉर्म भाच्याच्या मोबाईलवर भरला, तुम्ही फक्त ओटीपी सांगितलात. पण सही तुमचीच धरणार! उद्या हॉस्पिटलच्या केस पेपरवर कोणीतरी डॉक्टर घाईत "दोन वर्षांपासून कंबरदुखी" एवढं लिहील आणि क्लेमवाले सगळ्यात आधी तीच ओळ शोधतात. कंपनी बदलायचीच होती तर पोर्ट करायची, म्हणजे जुनी वर्षं न गमावता पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, त्याला रिन्यूअलच्या दीड महिना आधी हालचाल करावी लागते, नवीन विकण्यापेक्षा त्यात खटाटोप जास्त म्हणून भाचा बोलला नसेल. असो, भाचा आहे, जास्त लिहीत नाही. पेपर हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लुक असतो, त्यात नवीन रद्द करा, थोडीफार कपात होऊन बाकी पैसे परत येतील. पण क्रम उलटा करू नका, आधी जुनी चालू झाल्याची पावती, मगच नवीन रद्द.

आता जर्मनी. युरो शंभर रुपये धरा, 24 लाख झाले. दोघांची तिकिटं, येताना तुम्हाला आडवं होता येईल अशी सीट, फिजिओ, वरखर्च, 30 लाखांच्या खाली काही येत नाही. मुलीचा तिथला सरकारी इन्शुरन्स आईवडिलांना लागू होत नाही. व्हिसासाठी जो 30 हजार युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो तो अचानक आलेल्या आजारपणाचा, ठरवून केलेल्या ऑपरेशनचा नाही. आणि जखमेत इन्फेक्शन झालं, मुक्काम वाढला, तर ते बिल वेगळं.

तुमच्याकडे पीएफ, एफडी, फंड सगळं मिळून 57 लाख. त्यातले 30 गेले की 27. तुम्ही लिहिलंय "फंड 15 टक्के देतोच, रिटायर होईपर्यंत भरून निघेल". 27 लाखांना तीन वर्षं सलग 15 टक्के मिळाले तरी 41 होतात, आणि 15 टक्के देतोच असं कोणी सांगितलं? परत भाच्यानेच? त्यामुळे एफडी की फंड या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही नको. पुण्यात करा, जुनी 7 लाखांची आहे, पुरेल.

टेस्टचं थोडक्यात. तुम्ही ॲपवरून 3,499 ची फुल बॉडी करून घेतलीत ती वाया गेली, कारण ॲनेस्थेशियाच्या फिटनेसला रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी ताजे लागतात. आठ महिन्यांपूर्वीचा एमआरआयही बहुधा परत करायला सांगतील. सर्जनने लिहून दिल्यावर ॲडमिशनच्या आधीच्या 30 किंवा 60 दिवसांत (तुमच्या पॉलिसीत जे असेल ते) केलेल्या टेस्टचे पैसे क्लेममध्ये मिळतात, म्हणून चिठ्ठी आणि बिलं सांभाळा. त्या फुल बॉडीतून कामाचं एकच निघालं, एचबीएवनसी 8.6. एवढ्या शुगरवर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, आणि हा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी असतो म्हणजे आठवडाभर गोड सोडून तो हलत नाही. तेव्हा आधी शुगरच्या डॉक्टरकडे जा, तारीख त्यानंतर. अर्थात पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवीचा कंट्रोल गेला तर शुगरबिगर काही न बघता थेट हॉस्पिटल.

मुलीला वाईट वाटेल, तर एमआरआयची सीडी तिला पाठवा, तिथल्या सर्जनचं सेकंड ओपिनियन घेऊ दे, ते परवडतं.

आणि हो, जुन्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा विम्याच्या रकमेच्या 1 टक्का आहे, म्हणजे दिवसाला 7 हजार. बायको म्हणेल म्हणून 14 हजारांची डिलक्स घेतलीत तर औषधं, इम्प्लांट, टेस्ट सोडून बाकीचं बिल, सर्जनच्या फीसकट, रूमच्या भाड्याच्या त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मंच पास होईल. रूम 7 हजारांचीच घ्या.