बेलच्या चाचण्यांनी ‘हिडन व्हेरिएबल’ सिद्धान्त कायमचे बाद झाले का?

‘हिडन व्हेरिएबल’ सिद्धान्त म्हणजे क्वांटम मापनाच्या निकालांमागे आपल्याला न दिसणाऱ्या, निकाल ठरवणाऱ्या राशी असतात असे मानणारे; भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या कल्पनेवरच्या प्रयोगांनी ते तपासले जातात. सगळे बाद झाले नाहीत, बाद झाले ते ‘स्थानिक’ सिद्धान्त, म्हणजे मापनाची उत्तरे कणांत आधीच ठरलेली असतात आणि प्रकाशापेक्षा वेगाने कोणताही प्रभाव पोहोचत नाही असे मानणारे. त्यांच्यात दोन कणांवर प्रत्येकी दोन मापने धरून होणाऱ्या चार जोड्यांचे सहसंबंध (निकाल एकमेकांशी किती जुळतात याचे माप) घेऊन तीन मिळवले आणि एक वजा केला, तर उत्तर २ च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटम मेकॅनिक्समध्ये ते २.८३ पर्यंत जाते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला सुमारे १.३ किमी अंतरावरच्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉन-स्पिनवर (इलेक्ट्रॉनच्या एका क्वांटम गुणधर्मावर) हेच उत्तर २.४२ ± ०.२०, म्हणजे २ च्या वर मिळाले, तेही अवघ्या २४५ नोंदींत. त्याआधीच्या बहुतेक फोटॉन (प्रकाशकण) प्रयोगांत खरी अडचण डिटेक्टरची होती: बरेच फोटॉन निसटायचे, आणि सापडले तेच सगळ्यांचे प्रातिनिधिक नमुने आहेत असे गृहीत धरावे लागे. हे गृहीतक टाळायचे तर पूर्ण गुंतलेल्या (एन्टँगल्ड, म्हणजे एकच सामाईक क्वांटम अवस्था असलेल्या) जोड्यांना डिटेक्टरची सुमारे ८३% कार्यक्षमता लागते. कमी गुंतलेली अवस्था मुद्दाम निवडली तर ६७% च्या थोडे वर चालते, फक्त पार्श्वभूमीचा गोंगाट जवळपास शून्य हवा. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांचा हिडन व्हेरिएबल सिद्धान्त मात्र मुळातच अ-स्थानिक आहे, त्यामुळे या चाचण्या त्याला खोडत नाहीत. शिवाय मापनाची निवड कणांच्या स्थितीपासून स्वतंत्र असते, हे गृहीतक प्रत्येक प्रयोगात राहतेच.