"नाटक नाही जमलं तर?"

"ताई, नाटक नाही जमलं तर निदान डिग्रीवर नाव तरी मोठं हवं." न्यू जर्सीतल्या एका मराठी बाबांचं हे म्हणणं. मी मुलांना कॉलेज निवडायला मदत करते. म्युझिकल थिएटर (गाणं, नाच, अभिनय एकत्र असलेलं नाटक) शिकायला निघालेल्या मुलांच्या जवळजवळ प्रत्येक घरात मी ते ऐकते. मुलगी बारावीत, मार्क उत्तम, जीवशास्त्राची मनापासून आवड आणि गोड, तयार गळा.

एप्रिलमध्ये हाती प्रवेशाची दोन पत्रं होती. एक अतिशय निवडक विद्यापीठ, तिथे थिएटरमध्ये बी.ए., ऑडिशनशिवाय. दुसरं मोठं सरकारी विद्यापीठ, तिथे म्युझिकल थिएटरचं बी.एफ.ए., म्हणजे कलेच्या सरावावर भर देणारी पदवी. अर्ज करणाऱ्यांपैकी किती टक्के मुलांना घेतात, ती दोन्हींची टक्केवारी बाबांनी कागदावर लिहून आणली होती. दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे तर कुणालाही घेतात."

घोळ होतो तो इथेच. तो आकडा अख्ख्या विद्यापीठाचा असतो. सिनसिनाटी विद्यापीठ अर्ज करणाऱ्या बहुतेकांना घेतं, पण त्याच्याच संगीत महाविद्यालयातल्या म्युझिकल थिएटरला प्रवेश मिळणं महाकठीण. उलट नॉर्थवेस्टर्नला थिएटरसाठी ऑडिशन लागत नाही, तिथली चाळणी अभ्यासाची. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश या कला महाविद्यालयात अभ्यास आणि कला यांना निम्मं-निम्मं वजन. या मुलीनेही त्या 'कुणालाही घेणाऱ्या' विद्यापीठासाठी आधी गाण्याचे, स्वगताचे, नाचाचे व्हिडिओ पाठवले होते आणि ते पसंत पडल्यावर ऐन थंडीत शिकागोला जाऊन ऑडिशन दिली होती. बाबाच तिला घेऊन गेले होते!

टक्केवारी बाजूला ठेवून आम्ही दोन्हीकडचा चार वर्षांचा अभ्यासक्रम वाचायला घेतला. बी.एफ.ए.मध्ये साधारण दोन तृतीयांश क्रेडिट अभिनय, गायन आणि नृत्याचे. दिवसभर वर्ग, संध्याकाळी तालमी. जीवशास्त्राची प्रयोगशाळा त्यात बसवणं अवघड. बी.ए.मध्ये दुसरा विषय सहज घेता येतो, पण एकटीला गाण्याचा तास दर आठवड्याला मिळेलच असं नाही. मुलीला मी प्रश्न लिहून दिले. गाणं कोण शिकवतं? दुसऱ्या वर्षी मुलांना गाळतात का? पहिल्या वर्षी रंगमंचावर उतरू देतात का? शेवटच्या वर्षी, कलाकारांना कामं मिळवून देणाऱ्या एजंटांसमोर सादरीकरण असतं का?

बाबांची भीती मात्र मी उडवून लावली नाही. हा व्यवसाय खरंच बेभरवशाचा आहे. माझं मत त्यांना स्पष्ट सांगितलं: भूमिका देताना कुणी विद्यापीठाची टक्केवारी विचारत नाही, पण पुस्तकांशिवाय गुदमरणाऱ्या मुलीला फक्त तालमीत कोंडूही नये. त्यांचा प्रश्न थेट विभागालाच विचारा म्हटलं. त्यांनी फोन केला. विषय बदलता येतो, क्रेडिट बरेचसे धरले जातात, हुशार मुलांसाठीच्या ऑनर्स कॉलेजमधून दर सत्रात एखादा विज्ञानाचा विषयही घेता येतो, असं कळलं. शिष्यवृत्ती मिळत होती, ती वेगळीच.

मग दोन्ही ठिकाणी मुलगी एकेक दिवस वर्गात बसून आली. निवडक विद्यापीठ तिला आवडलं, अगदी मनापासून. पण सरकारी विद्यापीठातल्या गाण्याच्या बाईंनी एका विद्यार्थ्याची एकच ओळ वीस मिनिटं घोटून घेतली, त्याबद्दल ती माझ्याशी तासभर बोलली. आई माझ्याकडे बघून नुसती हसली.

१ मे ही होकार कळवायची शेवटची तारीख. ३० एप्रिलच्या रात्री बाबांचा फोन आला, बी.एफ.ए.चे पैसे भरले म्हणून. आवाजात धाकधूक होतीच. "पहिल्या वर्षाच्या मुलांचा प्रयोग कधी असतो हो, ताई?"

तिथे पहिल्या वर्षी मुख्य रंगमंचावर उतरवत नाहीत, मी सांगितलं.

"बरं. मग दुसऱ्या वर्षीची तिकिटं काढतो."