'अजिनोमोटो'ला मराठीत काय म्हणावे?

कोथरूडमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या आनंदमेळाव्यासाठी फलक लिहिणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे, की नूडल्स आणि मंचुरियनच्या टेबलावर 'आमच्या पदार्थांत अजिनोमोटो हे घातक रसायन नाही' असे लिहायचे ठरले आहे, तर 'अजिनोमोटो' या परक्या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, आणि 'स्वादवर्धक रसायन' चालेल का. माझ्या मते या वाक्यात 'अजिनोमोटो'ची अडचण सर्वांत कमी आहे. खरी अडचण 'रसायन', 'घातक' आणि 'नाही' या शब्दांची आहे.

आधी विचारलेल्या शब्दाबद्दल. जपानीत 'अजि' म्हणजे चव, 'नो' हे आपल्या चा-ची-चे प्रत्ययांसारखे षष्ठीचे चिन्ह आणि 'मोतो' म्हणजे मूळ. चवीचे मूळ, असा सरळ अर्थ. टोकियोच्या विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. पुढच्याच वर्षी हा पदार्थ 'अजिनोमोतो' या व्यापारी नावाने बाजारात आला. मूळ उच्चारातला 'त' आपल्याकडे रोमन अक्षरांच्या वाटेने येताना 'ट' झाला. जपानी 'त' आणि मराठी 'त' इतके जवळचे असताना हे व्हावे याची मला हळहळ वाटते, पण 'अजिनोमोटो' आता रुळले आहे आणि ते बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. वनस्पती तुपाला जसे सर्रास 'डालडा' म्हटले गेले, तसेच हे व्यापारी नाव पदार्थाचे नाव झाले. पदार्थाचे शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे ग्लुटामिक आम्लाचा सोडियम क्षार. त्यातला 'ग्लुटा' हा 'ग्लुटेन'वरून आला, कारण हे आम्ल १८६६ मध्ये प्रथम गव्हातील ग्लुटेनपासून मिळवले गेले. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढून घेतल्यावर जो चोथा मागे राहतो, त्यातले चिवट प्रथिन ते हेच.

'स्वादवर्धक' हा शब्द चांगला आहे, पण तो एका पदार्थाचे नाव होऊ शकत नाही, तो वर्ग आहे. पाकिटावर ६२१ हा क्रमांक मोनोसोडियम ग्लुटामेटचा असतो. ६२७ आणि ६३१ या क्रमांकांचे पदार्थही स्वादवर्धकच आहेत.

आता 'रसायन'. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नाव रसायन आहे आणि शरीराला बळ व दीर्घायुष्य देणारे ते रसायन, या अर्थानेच च्यवनप्राशाला रसायन म्हणतात. शाळेत आपण रसायनशास्त्र शिकलो तेव्हा या शब्दाला पाणी, मीठ, साखर अशा सर्वच पदार्थांना सामावणारा तटस्थ अर्थ मिळाला. परंतु गेल्या काही दशकांत 'रसायन घातलेले', 'रसायनमुक्त' अशा प्रयोगांमुळे एकेकाळी औषधाचे नाव असलेला हा शब्द बोलीत जवळजवळ विषाचा पर्याय होऊन बसला आहे. त्यामुळे फलकावर 'स्वादवर्धक रसायन' लिहिले, तर पुढे 'घातक' लिहा अथवा लिहू नका, वाचणारा ते मनात लावूनच घेईल.

'घातक' म्हणजे घात करणारे. इतका मोठा शब्द वापरायला तितका मोठा पुरावा हवा आणि तो येथे नाही. ही भीती १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून पसरली. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते आणि धडधडते, असे लिहिणाऱ्या त्या डॉक्टरांनी सोया सॉस, स्वयंपाकातील वाइन, जास्त सोडियम अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या; लोकांच्या लक्षात मात्र एकच राहिली, ती अजिनोमोटोची. नंतरच्या चाचण्यांत, कोणाला खरा पदार्थ दिला आणि कोणाला नुसता दिखाऊ हे लपवून ठेवले असता, ही लक्षणे सातत्याने आढळली नाहीत. अन्नाशिवाय एकदम ३ ग्रॅम वा अधिक घेतल्यास काही संवेदनशील व्यक्तींना डोकेदुखी किंवा बधिरपणा असा सौम्य, तात्पुरता त्रास होऊ शकतो. ते घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला १.८ ग्रॅम. रक्तदाब असणाऱ्यांनी यातले सोडियमही मोजावे. ते सुमारे १२ टक्के असते, साध्या मिठात ३९.

कोणाला त्रास होत असेल तर तो खोटा ठरवू नये, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी मराठीत अत्यंत नेमके शब्द आहेत: 'बाधणे' आणि 'मानवणे'. 'मला वांगे बाधते' असे म्हणणारी आजी वांग्याला विष म्हणत नसते. दोष पदार्थाचा आहे की त्या प्रकृतीचा, याचा निवाडा न करता अनुभव तेवढा सांगणारे हे क्रियापद आहे. पाकिटावरील '१२ महिन्यांखालील बाळांसाठी शिफारस केलेले नाही' या सूचनेचा अर्थही 'घातक' असा करू नये, मात्र ती पाळावी.

राहिला 'नाही'. तुमच्या मंचुरियनमध्ये सोया सॉस पडणार आणि टोमॅटोही पडत असेल. दोन्हींत ग्लुटामेट निसर्गतःच असते, आणि शरीर त्या ग्लुटामेटमध्ये व पुडीतल्या ग्लुटामेटमध्ये फरक करत नाही. म्हणून 'नाही' आणि 'वेगळे घातलेले नाही' यांत अंतर आहे. शिवाय बाजारच्या सॉसमध्ये ते आधीच घातलेले असू शकते, तेव्हा बाटलीवरील ६२१ तपासूनच फलक लिहावा. तो क्रमांक नसेल तर एवढेच लिहा: 'या पदार्थांत अजिनोमोटो (मोनोसोडियम ग्लुटामेट) वेगळे घातलेले नाही. सोया सॉस वापरला आहे.' 'अजिनोमोटोविरहित' हा शब्द त्यामुळे टाळावा. अन्यत्र कधी लिहावा लागलाच, तर 'विरहित' सुटे न लिहिता जोडून लिहावे.